ध्वनी ॲनोटेशनमधल्या वेळेच्या गडबडी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ध्वनी ॲनोटेशन म्हणजे रेकॉर्डिंगमध्ये कुठे काय बोललं गेलं याच्या खुणा आणि नोंदी करणं. ही उत्तरं त्यासाठी प्रात, इलान, ऑडॅसिटी किंवा ब्राउझरमध्ये चालणारी ॲनोटेशनची साधनं वापरणाऱ्यांसाठी आहेत. मेनूंची नावं आवृत्तीगणिक बदलतात, म्हणून बटण कुठे आहे यापेक्षा बिघाड कशामुळे होतो यावर भर दिला आहे. एक गोष्ट मात्र आधीच सांगायला हवी: आवाज आणि कर्सर जुळत नाहीत असं दिसलं की लगेच सीमा (शब्द किंवा ध्वनी कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो याच्या खुणा) ओढायला घेऊ नका. दोष नक्की कुठे आहे ते कळेपर्यंत ॲनोटेशनच्या फाइलीला हात लावायचा नाही.

कर्सर एका शब्दावर असतो आणि ऐकू येतो त्याच्या आधीचा शब्द. माझ्या सगळ्या सीमा चुकल्या का?

बहुतेक वेळा नाही. सॉफ्टवेअर आवाजाचे तुकडे ऑपरेटिंग सिस्टिमकडे देतं, ती ते साउंड कार्डाकडे देते आणि मग ते तुमच्या कानापर्यंत येतात. प्रत्येक टप्प्यावर एक बफर, म्हणजे आवाज पुढे जाण्याआधी थोडा वेळ साठवणारी जागा असते. सॅम्पल म्हणजे आवाजाचं एकेक मोजमाप आणि सॅम्पल रेट म्हणजे सेकंदाला अशी मोजमापं किती; ४८,००० च्या सॅम्पल रेटला १,०२४ सॅम्पलचा एक बफर म्हणजे सुमारे २१ मिलिसेकंद. असे दोन-तीन एकापुढे एक आले की उशीर सहज जाणवतो. कर्सर मात्र सॉफ्टवेअरच्या अंदाजावर सरकतो. तो पुढे पळाला म्हणून फाइलीतला आवाज जागचा हललेला नसतो.

खरा प्रश्न वेगळाच आहे: सीमा लावली कशी? वेव्हफॉर्म किंवा स्पेक्ट्रोग्राम (पडद्यावर दिसणारी आवाजाची चित्रं) बघून लावली असेल, तर ती फाइलीतल्या सॅम्पलवर बसली आहे आणि ऐकू येण्यातल्या उशिराचा तिच्याशी संबंध नाही. आवाज चालू असताना कळ दाबून लावली असेल, तर हा उशीर सीमेत शिरतो. त्यात ऐकून बोट दाबायला माणसाला लागणारे दीड-दोनशे मिलिसेकंदही मिळवा. अशा सीमा सगळ्या एकाच दिशेला, म्हणजे उशिराकडे झुकतात. त्यामुळे कळ दाबून केलेलं सेगमेंटेशन (रेकॉर्डिंगचे तुकडे पाडणं) हा कच्चा खर्डा समजावा आणि नंतर वेव्हफॉर्मवर बघून नीट करावं.

दोष फाइलीत आहे, सॉफ्टवेअरमध्ये आहे की हेडफोनमध्ये, हे कसं ओळखायचं?

फरक किती आहे हे नंतर बघा. तो कसा वागतो हे आधी बघा. रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला, मध्यावर आणि शेवटी एकेक ठळक आवाज शोधा. टाळी, दार आपटणं, ‘प’ किंवा ‘ट’चा स्फोट, काहीही चालेल. तिन्ही ठिकाणी फरक मोजा.

तिन्हीकडे तेवढाच असेल तर कुठेतरी ठरावीक उशीर आहे: हेडफोन, बफर किंवा फाइल बनवतानाच सुरुवातीला चिकटलेली शांतता. शेवटाकडे फरक हळूहळू वाढत गेला असेल तर दोन घड्याळांचा वेग वेगळा आहे. सॅम्पल रेट, व्हिडिओचा फ्रेम रेट किंवा दोन रेकॉर्डर तपासा. एका विशिष्ट जागेपर्यंत सगळं ठीक आणि तिथून पुढे अचानक उडी असेल, तर रेकॉर्डिंगचा तुकडा गहाळ आहे. आणि तीच जागा दोनदा वाजवून दोन वेगळी उत्तरं आली, तर फाइल (एमपी३सारखी) दाबून साठवलेली आहे आणि सॉफ्टवेअरला तिच्यात नेमकी उडी मारता येत नाहीये.

अजूनही शंका असेल तर चाचणीची फाइल बनवा. ऑडॅसिटीत ठेक्याचा ट्रॅक तयार करण्याची सोय आहे. मिनिटाला ६० ठोके ठेवून तासाभराची वेव्ह (न दाबता साठवलेली) फाइल काढा आणि ॲनोटेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा. शेवटचा ठोकाही जर पूर्ण सेकंदावर दिसत असेल तर सॉफ्टवेअर निर्दोष आहे, तुमचं रेकॉर्डिंग तपासा. या चाचणीला फार वेळ लागत नाही, पण बहुतेक जण ती टाळतात आणि आठवडाभर सेटिंग्ज बदलत बसतात.

ब्लूटूथ हेडफोन चालतील का?

नुसतं ऐकून लिहून काढायचं असेल तर चालतील. सीमा लावायच्या असतील तर नकोत. ब्लूटूथमध्ये आवाज पुन्हा एकदा दाबला जातो, हवेतून जातो, पलीकडे उलगडला जातो. नेहमीच्या एसबीसी कोडेकवर (दाबण्या-उलगडण्याच्या पद्धतीवर) यात शंभर ते तीनशे मिलिसेकंद जाऊ शकतात. व्हिडिओ प्लेअर हा उशीर धरून चित्र मागे ठेवतात, म्हणून सिनेमा बघताना काही जाणवत नाही. ॲनोटेशनचं सॉफ्टवेअर तेवढी काळजी घेईलच असं नाही. वायरचा साधा हेडफोन घ्या.

निवडलेला भाग वाजवला की पहिलं व्यंजन ऐकूच येत नाही. मधूनच वाजवायला सुरुवात केली तर मात्र ते असतं.

साउंड कार्ड झोपलेलं असतं. वीज वाचवण्यासाठी काही सेकंद आवाज नसला की ते बंद होतं आणि जागं होईपर्यंत सुरुवातीचा तुकडा निघून जातो. लॅपटॉप, यूएसबीची आणि एचडीएमआयवरची ध्वनी उपकरणं, ब्लूटूथ, सगळ्यांत हे दिसतं. ध्वनी उपकरणाची वीजबचत बंद करा. ते जमत नसेल तर पार्श्वभूमीला दुसऱ्या प्लेअरमध्ये पूर्ण शांत फाइल फिरती ठेवा. उपाय बावळट दिसतो, पण चालतो.

‘ख’चा ‘क’ ऐकू येणं किंवा शब्दाच्या सुरुवातीचा ‘ह’ गायब होणं, असे ऐकून लिहिण्यातले घोटाळे यातून होतात. म्हणून शंका आली की निवड दोनशे-तीनशे मिलिसेकंद आधीपासून घेऊन ऐका. इलानमध्ये निवडीच्या आजूबाजूचा थोडा भाग धरून वाजवण्याची वेगळी सोय आहे.

निवड संपली तरी पुढच्या शब्दाचा तुकडा वाजतो. अगदी छोटी निवड तर वाजतच नाही.

‘थांब’ म्हटल्याक्षणी थांबणं बऱ्याच मीडिया प्लेअरना जमत नाही. इलानसारखं सॉफ्टवेअर व्हिडिओ स्वतः वाजवत नाही. विंडोजवर डायरेक्टशो किंवा मीडिया फाउंडेशन, मॅकवर एव्हीफाउंडेशन, लिनक्सवर व्हीएलसी अशा यंत्रणेकडून वाजवून घेतं. त्या यंत्रणेला थांबण्याचा निरोप पोचेपर्यंत आणि बफर रिकामा होईपर्यंत पुढचा थोडा भाग वाजून जातो. एखादा स्वर ८० मिलिसेकंदांचा असेल तर एवढ्यात त्याच्या पुढचं व्यंजनही ऐकू येतं आणि सीमा चुकल्यासारखी वाटते.

सेटिंग्जमध्ये दुसरी मीडिया यंत्रणा निवडून पाहा. व्हिडिओची गरज नसताना नुसती वेव्ह फाइल जोडली तर बऱ्याचदा तेवढ्यानेच काम होतं. आणि ध्वनींच्या पातळीवरच्या सीमा लावायच्या असतील तर तो भाग सरळ प्रातमध्ये करा. तिथे निवडलेले सॅम्पलच वाजवले जातात. नेमकेपणाबाबत व्हिडिओ प्लेअरची त्याच्याशी तुलना होऊ शकत नाही.

एमपी३ फाइलीत एवढं काय वाईट आहे? ऐकायला तर छान वाटते.

ऐकायला छानच असते. अडचण वेळ मोजण्याची आहे, आणि ती एक नाही, दोन आहेत.

पहिली, उडी मारण्याची. एमपी३ १,१५२ सॅम्पलच्या फ्रेममध्ये साठवली जाते. ४४,१०० च्या रेटला एक फ्रेम म्हणजे २६ मिलिसेकंद. बिटरेट (एका सेकंदासाठी वापरलेले बिट) ठरावीक असेल तर ‘३० मिनिटं म्हणजे फाइलीतली अमुक बाइट’ हा हिशेब सोपा असतो. बिटरेट बदलता असेल तर फ्रेम लहानमोठ्या होतात आणि हिशेब कोलमडतो. यावर तोड म्हणून फाइलीच्या सुरुवातीला एक सूची ठेवतात, पण तिच्यात संपूर्ण फाइलीसाठी फक्त १०० नोंदी असतात. दोन तासांच्या मुलाखतीत म्हणजे ७२ सेकंदांना एक नोंद! त्यामधली जागा प्लेअर अंदाजाने काढतो. म्हणून सुरुवातीपासून वाजवत गेलात तर शब्द एका जागी सापडतो, आणि थेट उडी मारलीत तर दुसऱ्या.

दुसरी, सुरुवातीच्या शांततेची. एमपी३ बनवताना आणि उलगडताना पुढे थोडे सॅम्पल जोडले जातातच. लेम या एन्कोडरचे नेहमीचे ५७६ आणि डिकोडरचे ५२९ मिळून १,१०५ सॅम्पल होतात, म्हणजे ४४,१०० ला २५ मिलिसेकंद. काही सॉफ्टवेअर ही भर कापून टाकतात, काही तशीच ठेवतात. त्यामुळे एकाच एमपी३वर दोन सॉफ्टवेअरमध्ये लावलेल्या सीमा एकमेकींपासून २५ मिलिसेकंद सरकलेल्या असू शकतात, आणि दोन्ही आपापल्या जागी ‘बरोबर’ असतात.

उपाय एकच: ॲनोटेशन सुरू करण्याआधी एमपी३ची एकदाच वेव्ह बनवा, ती सगळ्यांना द्या आणि पुढचं सगळं काम त्याच वेव्हवर करा. एमपी३ची वेव्ह केल्याने आवाजाचा दर्जा सुधारत नाही, पण वेळेची पट्टी पक्की होते. काम अर्ध्यावर आल्यावर दुसऱ्या साधनाने नवी वेव्ह काढू नका. ती जुनीशी जुळेलच याची खात्री नाही.

मोबाइलच्या व्हिडिओतून वेव्ह काढली. ती व्हिडिओच्या आवाजापेक्षा चाळीस-पन्नास मिलिसेकंद सरकलेली दिसते.

वरचंच दुखणं, फक्त फाइल वेगळी. एमपी४मध्ये आवाज बहुधा एएसी प्रकारात असतो आणि त्याच्याही सुरुवातीला भर असते. २,११२ सॅम्पलची भर बरीच रूढ आहे, म्हणजे ४८,००० ला ४४ मिलिसेकंद. किती भाग सोडून वाजवायला सुरुवात करायची याची नोंद एमपी४च्या आत असते. ती नोंद पाळणारं साधन नेमकी वेव्ह देतं, न पाळणारं सरकलेली देतं. शिवाय काही फाइलींत आवाजाचा ट्रॅक चित्रापेक्षा किंचित उशिरा सुरू होतो आणि वेव्ह काढताना तेवढी रिकामी जागा गळून पडते.

फरक ठरावीक असतो, त्यामुळे दुरुस्तीही सोपी आहे. इलानच्या माध्यम जुळवण्याच्या सोयीत वेव्हला तेवढा ऑफसेट (वेळेचा सरकाव) द्या. तो ॲनोटेशनच्या फाइलीत साठतो आणि मूळ माध्यमाला धक्का लागत नाही.

माणसाचा आवाज जाड येतोय आणि रेकॉर्डिंग लांबल्यासारखं वाटतंय.

सॅम्पल रेटची चुकीची पाटी. ४८,००० ला रेकॉर्ड झालेली फाइल ४४,१०० ची समजून वाजवली की ६० मिनिटांची ६५ मिनिटं १८ सेकंद होतात आणि आवाज जवळजवळ दीड सेमिटोन खाली येतो. उलट झालं तर आवाज चिरका होतो.

इथे एक फरक लक्षात ठेवा. हेडरमधली (फाइलीच्या सुरुवातीच्या माहितीतली) पाटीच चुकली असेल तर फक्त पाटी बदलायची. प्रातमध्ये सॅम्पलिंग फ्रिक्वेन्सी वरून लिहिण्याचा आदेश आहे, तो हेच करतो. ‘रिसॅम्पल’ हा निराळा प्रकार आहे: त्यात कालावधी तोच ठेवून सॅम्पल नव्याने मोजले जातात. चुकीची पाटी असलेली फाइल रिसॅम्पल केलीत तर चूक कायमची होऊन बसते.

दोन रेकॉर्डरवर एकाच वेळी रेकॉर्ड केलं. सुरुवातीला जुळवलं, तासाभराने प्रतिध्वनी आल्यासारखं ऐकू येतं.

दोन्ही यंत्रांवर ४८,००० लिहिलेलं असतं, पण आतल्या घड्याळाचा स्फटिक नेमका तेवढाच चालत नाही. दहा लाखांत ५० एवढा फरक म्हणजे तासाला ०.१८ सेकंद. एक यंत्र थोडं पुढे आणि दुसरं थोडं मागे असेल तर दोन्ही फरकांची बेरीज होते. यात कोणतंही यंत्र बिघडलेलं नाही.

म्हणून एकाच टाळीवर जुळवून भागत नाही. रेकॉर्डिंग सुरू होताना एक आणि संपताना एक, अशा दोन टाळ्या हव्यात. समजा पहिल्या फाइलीत त्या २.००० आणि ३,६०२.००० सेकंदांवर आहेत, दुसऱ्या फाइलीत ५.३०० आणि ३,६०५.६६० वर. पहिल्यात दोन टाळ्यांमध्ये ३,६०० सेकंद गेले, दुसऱ्यात ३,६००.३६. म्हणजे गुणोत्तर १.०००१. पहिल्या फाइलीवरची कोणतीही वेळ दुसरीवर न्यायची तर तिच्यातून २ वजा करा, १.०००१ ने गुणा आणि ५.३ मिळवा. प्रातमध्ये टेक्स्टग्रिडच्या (प्रातच्या ॲनोटेशनच्या फाइलीच्या) वेळा सरकवण्याचे आणि गुणण्याचे आदेश आहेत, त्यांनी हे सगळ्या सीमांना एकदम लावता येतं.

टाळ्या घ्यायच्या राहिल्या असतील तर दोन्हीकडे स्पष्ट ऐकू येणारे स्फोटवर्ण शोधा, सुरुवातीजवळचा एक आणि शेवटाजवळचा एक. मात्र मायक्रोफोन लांब असेल तर आवाजाला पोचायलाही वेळ लागतो, दर मीटरला जवळपास ३ मिलिसेकंद. दहा मीटरवरचा कॅमेरा २९ मिलिसेकंद उशिरा ‘ऐकतो’. हा फरक घड्याळाच्या माथी मारू नका.

ओठांच्या हालचाली आणि आवाज जुळत नाहीत.

फरक वाढत जात असेल तर फ्रेम रेट बघा. २९.९७ चा व्हिडिओ ३० समजला गेला की तासाला ३.६ सेकंदांचा फरक पडतो. मोबाइलचे व्हिडिओ आणखी त्रासदायक, कारण त्यांचा फ्रेम रेट बऱ्याचदा चालू असतानाच बदलतो; उजेड कमी झाला की फ्रेम कमी. मीडियाइन्फोसारख्या साधनात फ्रेम रेट ‘बदलता’ आहे का ते दिसतं. असेल तर ॲनोटेशनआधी तो ठरावीक करून घ्या.

फरक ठरावीक आणि लहान असेल तर तो खरोखर खटकण्याइतका आहे का हेही पाहा. दूरचित्रवाणीसाठीच्या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या (आयटीयू) बीटी.१३५९ या शिफारशीनुसार आवाज ४५ मिलिसेकंद आधी किंवा १२५ मिलिसेकंद उशिरा आला तर प्रेक्षकाला ते जाणवू लागतं. २५ फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेमच ४० मिलिसेकंदांची असते. ओठ मिटल्याचा क्षण याहून बारकाईने लावायला चित्रात तेवढी माहितीच नसते.

एका जागेनंतर सगळ्या सीमा अचानक सरकल्या आहेत.

मधला आवाज हरवला आहे. रेकॉर्डरवर ‘बोलणं असेल तेव्हाच रेकॉर्ड कर’ ही सोय चालू राहिली असेल तर प्रत्येक शांततेला कात्री लागते. असं रेकॉर्डिंग विरामांच्या अभ्यासाला निरुपयोगी आहे आणि ते दुरुस्त होत नाही. ऑनलाइन बैठकीच्या रेकॉर्डिंगमध्ये नेटवर्क अडखळलं की तुकडे गळतात. काही साधनं वेळेच्या खुणा पाळून तिथे शांतता भरतात, काही दोन टोकं सरळ जोडून टाकतात.

तिसरं कारण लांबीचं. साध्या वेव्ह फाइलीला ४ जीबीची मर्यादा असते. ४८,००० आणि २४ बिटला स्टिरिओ रेकॉर्डिंग चार तास आठ मिनिटांत तिथे पोचतं. काही रेकॉर्डर २ जीबीलाच नवी फाइल सुरू करतात. तुकडे जोडताना त्यांचा क्रम आणि प्रत्येकाची सॅम्पलसंख्या तपासा.

तीच फाइल सहकाऱ्याच्या संगणकावर वेगळी दिसते.

आधी आवाजाची फाइल खरंच तीच आहे का ते बघा. नाव सारखं असणं पुरेसं नाही, चेकसम (फाइलीतल्या माहितीवरून काढलेला ओळखीचा आकडा) जुळवा. टेक्स्टग्रिडमध्ये तर आवाजाच्या फाइलीचं नावच नसतं, फक्त सुरुवात आणि शेवटची वेळ असते, त्यामुळे ती कोणत्याही रेकॉर्डिंगला मुकाट्याने चिकटते. शेवटची वेळ आणि रेकॉर्डिंगचा कालावधी जुळत नसेल तर तिथेच थांबा. चेकसमही जुळला, तर मीडिया यंत्रणा वेगळी असणार.

ब्राउझरमधल्या साधनात निवड नेमकी का थांबत नाही?

ब्राउझर चालू जागेची खबर देणारा ‘टाइमअपडेट’ हा इशारा सतत देत नाही. दोन इशाऱ्यांत पाव सेकंदही जाऊ शकतो. साधन बनवणाऱ्याने त्याच इशाऱ्यावर विसंबून थांबण्याची वेळ ठरवली असेल तर निवड तेवढी पुढे वाहते. टॅब मागे गेला की टायमर आणखी मंदावतात. वापरणाऱ्याच्या हातात फार काही नाही: वेव्ह चढवा, टॅब समोर ठेवा आणि सीमा डोळ्यांनी लावा. साधन तुम्हीच लिहीत असाल तर ब्राउझरची वेब ऑडिओ ही सोय वापरून सुरुवात आणि कालावधी आधीच सांगून वाजवा. फक्त एवढं ध्यानात असू द्या की तिथे फाइल उलगडताना तिचा सॅम्पल रेट बदलून मिळू शकतो. सॅम्पलच्या क्रमांकावर हिशेब करू नका, सेकंदांवर करा.

निर्यात केल्यावर वेळा थोड्या बदलतात.

इलान पूर्ण मिलिसेकंदांत वेळ ठेवतं, प्रात दशांश सेकंदांत. जाता-येता अर्ध्या मिलिसेकंदापर्यंत फरक पडतो, सोडून द्या. उपशीर्षकांच्या एएसएस प्रकारात मात्र सेकंदाचा शंभरावा भाग हीच शेवटची पायरी आहे, तिथून परत आणलेल्या वेळा बारीक कामाला वापरू नका. आणि स्प्रेडशीटवर नजर ठेवा: संगणकाची भाषा बदलली की दशांश चिन्हाच्या जागी स्वल्पविराम येतो आणि १.२३४ सेकंदांचे १,२३४ होतात.

आपोआप लावलेल्या सीमा थोड्या सरकलेल्या का असतात?

त्या ठरावीक पायऱ्यांवरच बसू शकतात. बोलणं आपोआप लिहून काढणाऱ्या व्हिस्परच्या वेळेच्या खुणा २० मिलिसेकंदांच्या पटीत असतात, लिहिलेला मजकूर आवाजाशी जुळवणारे फोर्स्ड अलाइनर बहुधा १० मिलिसेकंदांच्या पायरीने चालतात. वाक्य शोधायला हे भरपूर आहे. ‘प’ आणि ‘फ’ यांमधला श्वास मोजायचा असेल तर सीमा हाताने तपासाव्याच लागतील.

शेवटी सगळ्या सीमा सरकवायच्याच असतील तर?

ॲनोटेशनच्या फाइलीची प्रत वेगळ्या नावाने ठेवा. किती आणि का सरकवलं ते प्रकल्पाच्या नोंदवहीत लिहा: चिन्हासकट, म्हणजे पुढे की मागे. मग सॉफ्टवेअरचा सगळ्या ॲनोटेशन एकदम सरकवण्याचा आदेश वापरा. सीमा शून्याच्या मागे जात असतील तर पहिल्या ॲनोटेशनकडे विशेष लक्ष द्या. सरकवून झाल्यावर सुरुवातीची, मधली आणि शेवटची अशी तीन ॲनोटेशन निवडून वायरच्या हेडफोनवर ऐका. तिन्ही शब्द स्वच्छ सुरू होऊन स्वच्छ संपले की जुनी प्रत संग्रहात टाका, पण पुसू नका.